खुब्याचे अस्थिर अस्थिभंग आणि अंतर्मज्जा खिळ्याची शस्त्रक्रिया : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

चंद्रपूर आणि गडचिरोली हा २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच जिल्हा होता. विभाजनानंतर वैनगंगेच्या पूर्वेकडील बहुतांश वनप्रदेश गडचिरोली जिल्ह्यात गेला. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोलीचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून लोकसंख्या १०,७२,९४२ इतकी होती. म्हणजे एका चौरस किलोमीटरमागे केवळ ७४ माणसे. त्याच वेळी महाराष्ट्राची सरासरी घनता ३६५ होती. या आकड्यांचा हाड मोडण्याशी काय संबंध, असा प्रश्न वाचकास पडणे स्वाभाविक आहे. परंतु खुब्याचा अस्थिभंग ही अंतर आणि वेळ यांच्याशी जखडलेली दुखापत आहे. भामरागडहून गडचिरोली हे जिल्ह्याचे ठिकाण सुमारे १८० किलोमीटरवर, तर सिरोंचाहून दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. मोडलेल्या खुब्यानिशी हा प्रवास करणे म्हणजे काय, याची कल्पना शहरातील वाचकास सहजासहजी येणार नाही.

प्रस्तुत लेखात खुब्याच्या अस्थिर अस्थिभंगाचे स्वरूप, तो सांधण्यासाठी मांडीच्या हाडाच्या पोकळीत बसविण्यात येणाऱ्या खिळ्याचे तत्त्व आणि या दोन वनव्याप्त जिल्ह्यांत त्या उपचारासमोर उभ्या राहणाऱ्या अडचणी यांचे विवेचन केले आहे. रुग्णांच्या बोलीत या शस्त्रक्रियेस 'रॉड टाकणे' असे म्हणतात. हा शब्दप्रयोग अगदी चुकीचा नाही. मात्र रॉड कोठे, कसा आणि विशेषतः केव्हा टाकला, यावर रुग्णाचे पुढील आयुष्य अवलंबून असते.

खुब्याची रचना व अस्थिरतेचा अर्थ :

मांडीचे हाड सरळ उभ्या खांबासारखे नसते. वरच्या टोकाशी ते आतल्या बाजूस वळते, तेथे त्याची मान असते व मानेच्या टोकावरील चेंडूसारखे डोके कटीच्या खोबणीत बसते. मान आणि दांडा यांच्यामधील कोन साधारणपणे १२५ ते १३५ अंशांचा असतो. जेथे हे दोन भाग मिळतात तेथे बाहेरच्या बाजूस मोठा व आतल्या बाजूस लहान असे दोन उंचवटे असतात. या उंचवट्यांच्या पट्ट्यात होणाऱ्या मोडीस वैद्यकीय परिभाषेत इंटरट्रोकँटरिक अस्थिभंग म्हणतात. मानेच्या मोडीत डोक्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका असतो. उंचवट्यांच्या पट्ट्यात रक्तपुरवठा भरपूर असल्यामुळे येथील हाड बहुधा जुळते. खरी अडचण ते वाकडे जुळते, ही आहे.

माणूस एका पायावर उभा राहतो तेव्हा खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. पन्नास किलो वजनाच्या स्त्रीच्या बाबतीत हा भार सव्वाशे किलोच्या आसपास जातो. हा भार मुख्यतः हाडाच्या आतल्या व मागच्या बाजूच्या जाड भिंतीतून खाली उतरतो. ही भिंत शाबूत असेल तर दोन तुकडे एकमेकांवर टेकून राहतात आणि अस्थिभंग स्थिर समजला जातो. ती चुरली, बाहेरची भिंत फुटली, मोडीची रेषा नेहमीच्या उलट दिशेने गेली अथवा मोड खाली दांड्यात उतरली, तर टेकण्यास जागाच उरत नाही. स्थिर व अस्थिर हा भेद इव्हान्स या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने १९४९ साली मांडला. त्यानंतर वर्गीकरणाच्या पद्धती पुष्कळ आल्या, परंतु त्या सर्वांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे : जुळवून बसविलेले तुकडे भाराखाली जागेवर राहतील काय?

या प्रदेशात अशी मोड दोन वेगळ्या प्रकारच्या माणसांत आढळते. पहिला गट वृद्धांचा, त्यातही स्त्रियांचा. हाडे ठिसूळ झालेली असतात आणि धानाच्या बांधीतील चिखलात, अंगणातील ओल्या शेणसड्यावर किंवा रात्री उठताना पाय घसरणे एवढे निमित्त पुरते. दुसरा गट तरुण व मध्यमवयीन पुरुषांचा. मोह, चार किंवा ताडीच्या झाडावरून पडणे, दुचाकीचा अपघात, चंद्रपूर पट्ट्यातील कोळसा खाणींमधील व अवजड वाहतुकीतील दुखापती ही त्यांची कारणे. तरुणांचे हाड मजबूत असते. ते मोडते तेव्हा मोठ्या आघाताने मोडते, आणि म्हणूनच पुष्कळदा चुरले जाते. एकाच नावाची दुखापत असली तरी पहिल्या गटात हाडाची पकड मिळविणे कठीण जाते, तर दुसऱ्या गटात मोडीचे तुकडे जुळविणे.

कामट्यांचे बंधन खुब्यास का चालत नाही :

हाड बसविणाऱ्या जाणकाराकडे जाणे ही या भागातील जुनी रीत आहे. बांबूच्या कामट्या, झाडपाल्याचा लेप आणि कापडाच्या पट्ट्या यांनी मनगट किंवा नडगीचे हाड बांधले जाते, आणि साधी मोड असेल तर ते जुळतेही. या यशामुळेच खुब्याच्या बाबतीत गैरसमज निर्माण होतो. तो अडाणीपणाचा भाग आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तो अनुभवातून काढलेला, परंतु चुकीच्या जागी लावलेला निष्कर्ष आहे.

कामटी हाड धरून ठेवते ती मोडीच्या वर आणि खाली अशा दोन्ही बाजूंना पकड मिळते म्हणून. खुब्याच्या मोडीत वरचा तुकडा कटीच्या खोबणीत, स्नायूंच्या जाड थराखाली दडलेला असतो. त्यास बाहेरून बांधता येत नाही. उलट शरीरातील सर्वांत बलवान स्नायूंपैकी काही नेमके येथे चिकटलेले असतात. कमरेतून येणारा स्नायू वरचा तुकडा किंवा लहान उंचवटा पुढे व वर ओढतो, नितंबाचे स्नायू मोठा उंचवटा बाहेर खेचतात आणि मांडीच्या आतील स्नायू दांड्यास आत व वर ओढून घेतात. त्यामुळे पाय आखूड होतो व पाऊल बाहेरच्या बाजूस लोळते. अंथरुणावर निजलेल्या वृद्धेचा पाय असा दिसला, तर क्ष-किरण चित्राअभावीही खुबा मोडल्याची दाट शंका घ्यावी. घरचे मात्र पुष्कळदा 'कंबर लचकली' असे समजून शेक देत राहतात.

पायाला वजन बांधून आठ ते बारा आठवडे निजवून ठेवणे हा रुग्णालयातील जुना उपाय होता. त्याने हाड जुळे. पण तेवढ्या काळात रुग्णाच्या पाठीस जखमा होत, फुप्फुसांत कफ साचून न्यूमोनिया होई, पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होत. वाचलेल्यांपैकी अनेकांचा पाय आखूड व वाकडा राही. खुबा मोडल्यानंतर वर्षभरातील वृद्धांचे मृत्युप्रमाण प्रगत देशांतही २० ते ३० टक्क्यांच्या आसपास नोंदविले गेले आहे. हे मृत्यू बहुधा हाडामुळे होत नाहीत. आधीचे आजार आणि अंथरुणास खिळणे यांमुळे होतात. म्हणून शस्त्रक्रियेचा पहिला हेतू हाड जुळविणे हा नसून रुग्णास उठवून बसविणे हा आहे. आधीच चालू न शकणाऱ्या वृद्धासही वेदना कमी व्हाव्यात व कूस बदलता यावी यासाठी ती उपयोगी पडते. 'आता या वयात कशाला ऑपरेशन' हा घरोघरी ऐकू येणारा प्रश्न या दृष्टीने तपासून पाहण्यासारखा आहे.

खिळ्याची वाटचाल व तत्त्व :

मांडीच्या हाडाच्या पोकळीत लांब धातूचा खिळा घालण्याची पद्धत जर्मनीतील कील येथील गेर्हार्ड क्युंट्शर याने १९३९ साली प्रथम अवलंबिली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातून सुटून आलेल्या दोस्त सैनिकांच्या मांड्यांत असे खिळे आढळले, तेव्हा इतर देशांतील शल्यचिकित्सक चकित झाले होते. खुब्याच्या मोडीसाठी मात्र दीर्घकाळ दुसरेच साधन प्रमाण मानले गेले : मानेत जाणारा सरकता स्क्रू आणि हाडाच्या बाहेरच्या बाजूस बसविलेली पट्टी. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात गॅमा नेल आला, १९९० च्या दशकाच्या अखेरीस दोन स्क्रूंचा प्रॉक्सिमल फीमोरल नेल म्हणजेच पीएफएन आला, आणि नंतरच्या दशकात स्क्रूऐवजी मळसूत्री पाते असलेली त्याची सुधारित आवृत्ती प्रचारात आली.

पट्टी आणि खिळा यांतील फरक समजण्यास बांबूचे उदाहरण पुरेसे आहे. चिरलेल्या बांबूस बाहेरून फळी बांधली तर भार फळीवर तिरका येतो आणि बांधणी उचकटू पाहते. त्याच बांबूच्या पोकळीत घट्ट सळई बसविली तर ती भाराच्या रेषेच्या जवळ राहते. खुब्याचा भार सांध्यातून खाली उतरताना बाहेरची पट्टी त्या रेषेपासून दूर पडते, पोकळीतील खिळा जवळ असतो. तरफेचा भुज जितका आखूड तितका वाकविण्याचा जोर कमी, हे शालेय पदार्थविज्ञान येथे जसेच्या तसे लागू होते. शिवाय सरकत्या स्क्रूच्या पद्धतीत तुकडे एकमेकांत बसावेत यासाठी बाहेरची भिंत शाबूत लागते. ती फुटलेली असेल तर दांडा आत सरकत जातो आणि पाय आखूड होतो. खिळा स्वतःच पोकळीत उभा राहून त्या फुटलेल्या भिंतीचे काम करतो.

शस्त्रक्रिया बहुधा कमरेखालचा भाग बधिर करून केली जाते. रुग्णास खास टेबलावर निजवून पाय ओढून धरला जातो आणि सी-आर्म या फिरत्या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर पाहत तुकडे जुळविले जातात. मोडीची जागा सहसा उघडली जात नाही. मोठ्या उंचवट्याच्या वर लहान छेद घेऊन त्याच्या टोकातून मार्गदर्शक तार पोकळीत सोडतात, मार्ग रुंद करतात व खिळा उतरवितात. मग खिळ्यातील तिरक्या छिद्रातून मानेत व डोक्यात स्क्रू किंवा पाते जाते आणि खालच्या टोकाशी एक-दोन आडवे स्क्रू घालून खिळा कुलूपबंद केला जातो. जखमा लहान असल्याने उघड रक्तस्राव मर्यादित राहतो. तथापि या मोडीत मांडीच्या आतच पुष्कळ रक्त साचलेले असते, ते डोळ्यांस दिसत नाही. रक्तक्षय असलेल्या स्त्रीच्या बाबतीत ही बाब जिवाशी गाठ घालणारी ठरू शकते.

यशाची मोजपट्टी कशी लावावी हे १९९५ साली बाउमगार्टनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. समोरून व बाजूने घेतलेल्या दोन क्ष-किरण चित्रांत स्क्रूचे टोक डोक्याच्या शिखरापासून किती दूर आहे ते मोजावे. दोन्ही अंतरांची बेरीज २५ मिलिमीटरच्या आत असेल तर स्क्रू डोके फाडून बाहेर येण्याची शक्यता बरीच कमी होते. दुसरी अट म्हणजे मान खाली झुकलेल्या स्थितीत तुकडे कधीही ठेवू नयेत. वाईट जुळविलेली मोड उत्तम खिळ्यानेही सुधारत नाही. दोन स्क्रूंच्या खिळ्यात एक स्क्रू आत व दुसरा बाहेर सरकण्याचा, परिभाषेत झेड परिणाम म्हटला जाणारा दोष आढळतो. लहान चणीच्या स्त्रियांच्या अरुंद मानेत दोन स्क्रू पुरेशा जागेसह बसविणे कठीण जाते. युरोपीय हाडांच्या मापाने बनविलेल्या खिळ्यांचा हा मर्यादाविशेष आशियाई शल्यचिकित्सकांनी वेळोवेळी नोंदविला, आणि त्यातून लहान मापाचे खिळे तयार झाले.

सर्वांना खिळाच हवा काय :

नव्या साधनाचा मोह सर्वच क्षेत्रांत असतो, वैद्यकही त्यास अपवाद नाही. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २०११ साली दिलेल्या मार्गदर्शनात उंचवट्यांच्या पट्ट्यातील बहुतेक मोडींसाठी सरकत्या स्क्रूस प्राधान्य दिले आणि खिळा दांड्यात उतरलेल्या मोडींसाठी सुचविला. अमेरिकन अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत स्थिर मोडीसाठी दोन्ही साधने चालतील, मात्र अस्थिर, उलट्या रेषेच्या व दांड्यात उतरलेल्या मोडींसाठी खिळा वापरावा, असे सांगितले. २०२२ च्या कॉक्रेन समीक्षेतही वृद्धांच्या बहुसंख्य मोडींत दोन साधनांमध्ये मोठा फरक आढळला नाही. खिळ्याने जंतुसंसर्ग व न जुळण्याचे प्रमाण काहीसे कमी, तर खिळ्याच्या टोकाशी नवी मोड होण्याचे प्रमाण काहीसे अधिक असे चित्र त्यात दिसते. स्थिर मोडीत स्वस्त व सोपी पट्टी पुरेशी असताना खिळ्याचा आग्रह धरणे समर्थनीय नाही. अस्थिर मोडीत मात्र, आणि विशेषतः जेथे रुग्ण पुन्हा तपासणीस येण्याची खात्री नाही तेथे, खिळ्याचे पारडे जड होते.

आणखी एक मुद्दा परदेशी ग्रंथांत क्वचितच येतो. येथील जीवन जमिनीवर घडते. मोहफूल वेचणे, रोवणी, चूल, शौच या साऱ्यांसाठी उकिडवे बसावे लागते. कृत्रिम सांधा बसविलेल्या रुग्णास असे बसणे बहुधा वर्ज्य करावे लागते. खिळ्याच्या पद्धतीत स्वतःचा सांधा राहतो, त्यामुळे हाड योग्य स्थितीत जुळल्यावर उकिडवे बसण्याची शक्यता टिकून राहते. वनोपजावर जगणाऱ्या कुटुंबात ही सोय नसून उपजीविका आहे. शिवाय एक वृद्धा अंथरुणास खिळली की तिच्या सेवेसाठी दुसरे कमावते माणूस घरी अडकते.

वेळ, अंतर व सोयी :

शस्त्रक्रिया किती लवकर करावी यावर मोठा विचार झाला आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या हिप अटॅक या चाचणीत १७ देशांतील २,९७० रुग्णांचा समावेश होता. निदानानंतर सरासरी ६ तासांत व २४ तासांत शस्त्रक्रिया झालेल्या दोन गटांत मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे ९ व १० टक्के, म्हणजे जवळपास सारखेच आढळले. यावरून 'घाई नको' असा अर्थ काढणे धोक्याचे आहे. त्या चाचणीतील घड्याळ रुग्णालयात निदान झाल्यापासून सुरू होते. गावातील खाटेवर गेलेले आठ-दहा दिवस त्या घड्याळात मोजलेच जात नाहीत. दोन आठवड्यांनंतर आलेल्या रुग्णाचे स्नायू आक्रसलेले असतात, तुकडे ओढून जुळत नाहीत, मोड उघडावी लागते, पाठीवरच्या जखमेमुळे जंतुसंसर्गाचे भय वाढते. खिळा तोच, पण शस्त्रक्रिया निराळी होते.

हे दिवस कोठे जातात? पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क अनेकदा तुटलेला आहे. रस्ता नसलेल्या पाड्यांवरून खाटेची कावड करून रुग्णास आणावे लागल्याच्या बातम्या जिल्ह्यास नव्या नाहीत. त्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, अहेरीचे उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, आणि तेथून चंद्रपूर किंवा नागपूर अशी पायऱ्यापायऱ्यांची पाठवणी होते. प्रत्येक पायरीवर एक दिवस गेला तरी आठवडा सरतो. खुब्याची मोड ओळखल्यावर, प्रकृती स्थिर करून, सी-आर्म व भूलतज्ज्ञ असलेल्या ठिकाणी एकाच पाठवणीत रुग्ण धाडणे, ही खर्चाची नव्हे तर शिस्तीची बाब आहे.

चित्र पूर्वीपेक्षा पालटले आहे हेही नमूद केले पाहिजे. १९७३ साली हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा आणि त्यानंतरही अनेक वर्षे तेथे वीज नव्हती. मोडलेली हाडे व अस्वलाच्या हल्ल्यातील जखमा कंदिलाच्या काळातच हाताळल्या गेल्या. धानोरा तालुक्यातील शोधग्राम येथे 'सर्च' संस्थेच्या रुग्णालयात मुंबईच्या तज्ज्ञांच्या सहभागाने मणक्याच्या शस्त्रक्रियांची शिबिरे झाली, आणि गुंतागुंतीची अस्थिशल्यचिकित्सा जंगलाजवळ आणता येते हे दिसून आले. चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ मध्ये व गडचिरोलीचे २०२४ मध्ये सुरू झाले. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम लागू झाली त्यांत गडचिरोली होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. खिळ्याची किंमत हा एकेकाळचा मोठा अडसर त्यामुळे कमी झाला आहे. परंतु शिबिराची वाट पाहण्याइतका धीर मणक्याच्या जुन्या दुखण्यास असतो, मोडलेल्या खुब्यास नसतो. यासाठी वर्षभर, दररोज चालणारे शस्त्रक्रियागृहच हवे.

या प्रदेशातील काही विशेष बाबी :

शस्त्रक्रियेपूर्वी येथे सिकलसेलची तपासणी टाळता येत नाही. पूर्व विदर्भातील अनेक समाजांत हा आनुवंशिक दोष आढळतो. असा रुग्ण भूल देताना गारठला, त्याचे पाणी कमी पडले अथवा प्राणवायू घटला तर वेदनेचा तीव्र झटका येऊ शकतो. या आजारात मांडीच्या हाडाची पोकळी काही ठिकाणी कठीण व अरुंद झालेली असते, डोक्याचा रक्तपुरवठाही बिघडलेला असू शकतो. खिळ्याचे माप आधीच ठरवून ठेवणे तेथे अत्यावश्यक ठरते. शस्त्रक्रियेनंतर ताप आला की जखमेकडे बोट दाखविले जाते. गडचिरोलीत त्याच वेळी हिवतापासाठी रक्ताचा नमुनाही घ्यावा लागतो. चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड मर्यादेपेक्षा अधिक आढळले आहे. फ्लोराइडने हाड दाट दिसते, पण ठिसूळ होते, आणि त्यात छिद्र पाडताना फुटण्याचा धोका राहतो.

शस्त्रक्रियेनंतर :

प्रकृती साथ देत असल्यास दुसऱ्याच दिवशी रुग्णास बसविणे व वॉकरच्या आधाराने उभे करणे अपेक्षित असते. वृद्ध रुग्णास 'पाय टेकवू नका' असे सांगणे बहुधा निरर्थक ठरते, कारण एका पायावर तोल सांभाळणे त्याच्या आवाक्यात नसते. मोड नीट जुळली असेल तर सोसेल तेवढा भार देऊ द्यावा. वॉकर रुग्णालयाच्या फरशीवर चालतो, शेणाने सारवलेल्या उंचसखल अंगणात तो रुतून बसतो. म्हणून घरी पाठविण्यापूर्वी बांबूची मजबूत काठी धरून चालण्याचा सरावही करवून घ्यावा. उंच बसण्यासाठी खाटेशेजारी मोढा, शौचासाठी मधोमध भोक पाडलेली खुर्ची, या साध्या गोष्टी गावातील सुतार करून देऊ शकतो.

ठिसूळ हाडांवरील औषधोपचार हा या साऱ्यातील सर्वाधिक दुर्लक्षित भाग आहे. एक खुबा मोडलेल्या वृद्धेचा दुसरा खुबा मोडण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो, तरीही कॅल्शियम, ड जीवनसत्त्व व हाडांची झीज रोखणारी औषधे पहिल्या महिन्यानंतर बंद पडतात. साधारणपणे सहा व बारा आठवड्यांनी क्ष-किरण तपासणी करावयाची असते. दूरच्या पाड्यावरून त्यासाठी येणे म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडविणे. ही तपासणी तालुक्याच्या ठिकाणी होऊन तिचे चित्र शस्त्रक्रिया करणाऱ्याकडे पाठविले गेले तर बऱ्याच फेऱ्या वाचतील. धोक्याची चिन्हे मात्र घरच्यांना पहिल्याच दिवशी, त्यांच्या भाषेत, माडिया व गोंडी भाषकांस आशा कार्यकर्तीच्या साहाय्याने समजावून द्यावीत : जांघेतील दुखणे कमी होण्याऐवजी वाढणे, चालणारा रुग्ण अचानक चालेनासा होणे, पाय पुन्हा आखूड दिसणे, जखमेतून पाणी येणे. यांपैकी एकही दिसले तर तारखेची वाट न पाहता रुग्णास त्याच रुग्णालयात परत आणावे.